माघातली तपासणी, आषाढातला पाक

मधमाशी पालनावरचं कुठलंही जुनं इंग्रजी पुस्तक उघडा. हिवाळा संपत आला की काय करायचं, यावर त्यात एक प्रकरण हमखास असतं. पेटी उचलून वजन बघा, ऊन पडेल त्या दिवशी झाकण उघडा, मध संपला असेल तर साखर द्या, नाहीतर वसंत यायच्या आत वसाहत उपाशी मरेल, असा त्याचा मथितार्थ. हा सल्ला तिथल्यापुरता अगदी बरोबर आहे. पण तोच सल्ला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, चंदगड या आपल्या डोंगरपट्ट्यात आणून ठेवला की गंमत होते. आपल्याकडे हिवाळ्याचा शेवट म्हणजे माघ-फाल्गुन. तेव्हा सावर फुललेली असते, अंजनी फुलायला लागते आणि जांभूळ मोहरायच्या बेतात असतो. माशी तेव्हा उपाशी नसते. ती उपाशी असते आषाढात.

मधमाश्यांच्या पेटीचा इतिहास सांगताना आपण सहसा पेटी कोणी शोधली, इकडे कोणी आणली, संस्था कधी निघाली एवढंच सांगतो. या लेखात पेटीपेक्षा तिच्यासोबत आलेल्या वेळापत्रकाकडे बघायचं आहे. पेटी बाहेरून आली आणि थोडी लहान करून घेतली की चालली. वेळापत्रक मात्र तसं आणता आलं नाही. ते इथल्या झाडांवरून आणि इथल्या पावसावरून नव्याने मांडावं लागलं. आणि माशीला कधी खायला घालायचं हे ज्याला कळलं, तोच मोहोळ काढणारा न राहता माशी पाळणारा झाला.

थंड मुलखातला फेब्रुवारी

आधी मूळ प्रश्न समजून घेऊ. युरोपातली माशी हिवाळ्यात झोपत नाही. हजारो माश्या पोळ्यांवर एकमेकींना चिकटून गोळा करून बसतात, मध खातात आणि अंगाचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. बाहेर बर्फ असलं तरी गोळ्याच्या आत ऊब टिकते. ऐन थंडीत राणी अंडी घालत नाही, त्यामुळे खर्चही बेताचा असतो. खरा खर्च सुरू होतो तो दिवस मोठा होऊ लागल्यावर. राणी पुन्हा अंडी घालू लागते, आणि अंड्या-अळ्यांसाठी मधला भाग ३४-३५ अंश सेल्सियसवर ठेवावा लागतो. म्हणजे इंधन जास्त जळतं, खाणारी तोंडं वाढतात आणि बाहेर फूल अजून नसतंच. म्हणून तिकडची वसाहत कडाक्याच्या थंडीत मरत नाही. ती मरते फेब्रुवारी-मार्चमध्ये, फुलं दाराशी आलेली असताना.

ही गोष्ट रोमन लोकांनाही ठाऊक होती. पहिल्या शतकातल्या कोलुमेला या शेतीविषयक लेखकाने उपासमारीच्या दिवसांत माश्यांना वाळलेले अंजीर कुटून, पाण्यात भिजवून द्यायला सांगितलं आहे. मनुकांचा गोड रसही तो सुचवतो. साखर तेव्हा तिकडे नव्हती, म्हणून जे गोड हाताशी होतं ते दिलं.

नंतरच्या काळात युरोपात माश्या गवताच्या किंवा वेताच्या उलट्या टोपलीत ठेवत. या टोपलीची अडचण अशी, की आतली पोळी छताला चिकटलेली असत. ती कापल्याशिवाय आत काय आहे ते दिसत नसे. मग तपासणी म्हणजे टोपली हाताने किंचित उचलून वजनाचा अंदाज घेणं. शरद ऋतूत टोपल्या अशा तोलायच्या. ज्या फार जड असत त्यांत मध भरपूर, म्हणून त्यांतल्या माश्या गंधकाच्या धुराने मारून मध काढून घ्यायचा. ज्या फार हलक्या असत त्या हिवाळा काढणार नाहीत, म्हणून त्याही मारायच्या. मधल्या वजनाच्या तेवढ्या पुढच्या वर्षासाठी राखायच्या. ही क्रूरता सगळी हौसेची नव्हती. आत बघता येत नसेल आणि खायला घालणं परवडत नसेल, तर यापेक्षा वेगळा हिशेब जमतही नव्हता.

हा हिशेब बदलला तो दोन गोष्टींनी. एक म्हणजे उघडता येणारी पेटी. स्वित्झर्लंडच्या फ्रांस्वा ह्युबर या अंध संशोधकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस पुस्तकाच्या पानांसारखी उघडणारी पेटी वापरून, आपल्या सेवकाच्या डोळ्यांनी माश्यांचं आयुष्य पाहिलं आणि नोंदवलं. पुढे १८५१ साली अमेरिकेतल्या लोरेन्झो लँगस्ट्रॉथ या धर्मोपदेशकाने चौकटी आणि पेटीच्या भिंती यांच्यामध्ये बरोबर माशीला जाण्यापुरती, एक सेंटिमीटरहूनही थोडी कमी, फट ठेवली. एवढी फट माश्या मेणाने बुजवत नाहीत. त्यामुळे प्रत्येक चौकट सुटी निघू लागली. आता पोळं न कापता, माशी न मारता, राणी आहे का, अंडी आहेत का, मध किती उरला, हे बघता येऊ लागलं.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वस्त साखर. बीटमध्ये साखर असल्याचं जर्मनीतल्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली दाखवलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बीट साखरेचे कारखाने उभे राहिले आणि जी साखर श्रीमंतांच्या टेबलावर होती ती हळूहळू सामान्यांच्या घरात आली. तेव्हा कुठे ती माशीच्या वाट्याला येऊ शकली. हिवाळ्याच्या शेवटी गार पाक दिला तर माश्यांना तो सुकवायला त्रास होतो, म्हणून थंडी असेतो कडक साखरेची वडी गोळ्याच्या अगदी वर ठेवायची, आणि उबदार दिवस सुरू झाले की पातळ पाक द्यायचा, असे नियम तयार झाले. पुस्तकातलं ते हमखास प्रकरण या दोन गोष्टींच्या जोरावर लिहिलं गेलं आहे.

पेटीच्या आधी आपल्याकडे

आपल्याकडे मध काही नवा नाही. चरकसंहितेत मधाचे चार प्रकार आहेत: माक्षिक, भ्रामर, क्षौद्र आणि पौत्तिक. सुश्रुताने आठ सांगितले आहेत. त्यांतला औद्दालक मध हा वारुळात राहणाऱ्या पिंगट रंगाच्या लहान कीटकांचा, असं पुढे भावप्रकाशात वर्णन येतं. रानात फिरणाऱ्याला हे वाचून नवल वाटणार नाही. झाडाची ढोली, खडकाची कपार आणि सोडलेलं वारूळ या तिन्ही ठिकाणी आपली सातेरी माशी घर करते.

सह्याद्रीतल्या माणसाने माश्या आपल्या पद्धतीने ओळखल्या होत्या. कड्याला किंवा उंच झाडाला एकच मोठं पोळं लावणारी ती आग्या. झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावणारी ती फुलोरी. डंख नसलेली, भिंतीच्या भेगेत राहणारी ती पोवा. आणि अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अनेक पोळी लावणारी ती सातेरी. सात पोळ्यांची म्हणून सातेरी, असं नेहमी सांगितलं जातं. गोव्यात आणि तळकोकणात वारुळाच्या रूपात पुजली जाणारी देवीही सातेरीच. वारुळात राहणारी माशी आणि वारुळातली देवी यांचं नाव एकच असावं, हे साम्य लक्षात ठेवण्यासारखं आहे, मग व्युत्पत्ती कशीही लावा.

या चारांपैकी पेटीत राहते ती सातेरीच, कारण तिला मुळात अंधार आणि पोकळी लागते. आग्या आणि फुलोरी उघड्यावर राहणाऱ्या, त्या पेटीत टिकत नाहीत.

पण ओळख असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. मोहोळ काढणारा ढोलीला धूर द्यायचा, हात घालून पोळी कापायचा, पिळून मध काढायचा. पोळ्यात मध असे, परागही असे आणि पांढऱ्या अळ्याही असत. सगळं एकत्र पिळलं जाई. माश्या उडून जात, पिल्लं जात, आणि राणी वाचली तर नशीब. यात माशीच्या पोटाचा प्रश्न निघतच नव्हता. जिच्याशी आपला संबंध एकाच दिवसाचा, तिला आषाढात काय खायला मिळेल हे कोण विचारणार? काढणाऱ्याच्या बाजूनेही बघायला हवं. मोहोळ त्याच्या मालकीचं नव्हतं. त्याने सोडलं तर दुसरा नेणार. मागे मध ठेवण्यात त्याला काही शहाणपण दिसत नव्हतं, आणि त्याच्या परिस्थितीत ते नव्हतंही.

हिमालयात मात्र वेगळी रीत होती. काश्मीर, कुलू, कांगडा या भागांत घराच्या जाड भिंतीतच माशीसाठी पोकळी ठेवत. बाहेरच्या बाजूला माशीचं दार, आतल्या बाजूला माणसाचं झाकण. माशी घरचीच असल्यामुळे हिवाळ्यापुरता मध मागे ठेवण्याचा विचार तिथे होता. थंडीही तिथे खरी होती. आपल्या देशात हिवाळ्याच्या शेवटच्या उपासमारीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आहे तो त्या पट्ट्यात.

पेटी आली, वेळापत्रकासकट

चौकटीची पेटी हिंदुस्थानात आली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत. १८८२ च्या सुमारास बंगालमध्ये आणि पाठोपाठ पंजाबात प्रयत्न झाले. टपाल-तार खात्यातल्या डग्लस नावाच्या अधिकाऱ्याने १८८४ साली हिंदुस्थानातल्या मधमाशी पालनावर इंग्रजीत हस्तपुस्तक काढलं. या पहिल्या प्रयत्नांना फारसं यश आलं नाही. मोठ्या माशीसाठी मापलेली पेटी आणि दुसऱ्या हवामानासाठी लिहिलेले नियम घेऊन सुरुवात केली, की अडचण येणारच होती.

पहिली दुरुस्ती पेटीच्या मापात झाली. रेव्हरंड न्यूटन यांनी १९११ ते १९१७ या काळात दक्षिण भारतात खेड्यातल्या लोकांना शिकवता शिकवता सातेरीच्या मापाची लहान पेटी तयार केली. सातेरीची वसाहत लहान, तिची घरं लहान, पोळ्यांमधलं अंतरही कमी. लँगस्ट्रॉथच्या चौकटीच्या निम्म्याहून बऱ्याच लहान चौकटी न्यूटन पेटीत आल्या. ही पेटी इतकी रुळली की पुढे पन्नास वर्षं दक्षिणेत मधमाशीची पेटी म्हणजे न्यूटन पेटी असंच समीकरण राहिलं. १९१५ साली पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेने मधमाशी पालनावर पत्रिका काढली. त्रावणकोर आणि म्हैसूर संस्थानांनीही हे काम हाती घेतलं. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने ग्रामीण जोडधंदा म्हणून मधमाशी पालनाची शिफारस केली.

मराठी मुलखाशी याचा थेट धागा जुळतो तो वर्ध्यात. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. मगनवाडीत त्याचं काम सुरू झालं. जे. सी. कुमारप्पा त्याचे कार्यवाह होते. तेलघाणी, हातकागद यांच्या बरोबरीने मधमाशी पालन हाही तिथला विषय होता. मोहोळ पिळून मध काढण्यात अळ्या चिरडल्या जातात, यंत्राने फिरवून काढला तर पोळंही वाचतं आणि पिल्लंही वाचतात. अहिंसेच्या दृष्टीने विचार करणाऱ्यांना पेटी जवळची वाटली यात आश्चर्य नाही.

मुंबई प्रांतात पाय रोवला गेला तो महाबळेश्वरला. १९४६ साली तिथे सरकारी पातळीवर मधमाशी पालनाचं काम सुरू झालं. बेळगाव आणि कारवार हे दोन्ही जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतातच होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला. म्हणजे एकाच डोंगररांगेतल्या, एकाच जांभळावर चरणाऱ्या माश्या दोन राज्यांच्या योजनांत विभागल्या गेल्या. पेटी कोणाकडून मिळायची, अनुदान कोणत्या खात्याचं, पत्रक मराठीत की कन्नडमध्ये, हे सगळं बदललं. फुलांचा क्रम अर्थातच तोच राहिला. पुढे १ नोव्हेंबर १९६२ ला पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था सुरू झाली, आणि कुठल्या भागात कोणतं फूल कधी मध देतं आणि कधी नुसता पराग देतं, मधातल्या परागकणांवरून तो कोणत्या झाडाचा हे कसं ओळखायचं, याचा पद्धतशीर अभ्यास होऊ लागला.

सह्याद्रीने महिने उलटवले

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. पेटी लहान केली म्हणून प्रश्न सुटला नाही, कारण खायला घालायचं कधी हे पेटीच्या मापात लिहिलेलं नसतं.

आपल्या पट्ट्यातलं माशीचं वर्ष पावसाळा संपल्यावर सुरू होतं, असं म्हणायला हरकत नाही. भाद्रपद-आश्विनात माळावर रानफुलं असतात, डोंगरउतारावरच्या शेतात कारळा पिवळा होतो, आणि ज्या वर्षी कारवी फुलते, म्हणजे सात-आठ वर्षांतून एकदा, त्या वर्षी तर रानच्या रान जांभळं दिसतं. या दिवसांत पावसाने खंगलेली वसाहत सावरते. मार्गशीर्ष-पौषात थंडी असते, पण ती माशीला कोंडून ठेवणारी नसते. उन्हं वर आली की सातेरी बाहेर पडतेच. म्हणून तिला युरोपातल्या माशीसारखा महिनोन् महिने गोळा करून बसावं लागत नाही, आणि तेवढा साठा करायची सवयही तिला नाही.

मग माघ येतो. पुस्तकात इथे संकट असतं, आपल्याकडे इथे तयारी असते. माघातली तपासणी करायची ती वसाहत वाचवण्यासाठी नव्हे, तर येणाऱ्या बहराला ती पुरी पडेल का हे बघण्यासाठी. सकाळी ऊन चढल्यावर, वारा नसताना, दाराच्या समोर उभं न राहता बाजूने झाकण काढायचं. धूर नावापुरता. एकेक चौकट वर घेऊन पाहायची. राणी दिसलीच पाहिजे असं नाही. घरांच्या तळाशी उभी, तांदळाच्या कणीसारखी ताजी अंडी दिसली की ती आहे आणि कामावर आहे असं समजायचं. झाकलेल्या कोषांचा पट्टा सलग आहे की मध्येमध्ये रिकामा, वरच्या कोपऱ्यात मध किती, परागाचे रंग किती, काळं पडलेलं जुनं पोळं कुठलं, मेण खाणारी अळी शिरली आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पोळ्याच्या खालच्या कडेला नव्या राणीची लोंबती घरं बांधली आहेत का. ती दिसली तर वसाहत फुटायच्या बेतात आहे. अर्ध्या माश्या जुन्या राणीला घेऊन निघून जातील आणि जांभूळ फुलेल तेव्हा पेटी अर्धी असेल.

या वेळी साखर द्यायची का? जोरदार वसाहतीला नाही. दुबळीला द्यायची ती थोडी आणि पातळ, राणीने अंडी घालायचा वेग वाढवावा एवढ्यापुरती. हिशेब सोपा आहे. अंडं घातल्यापासून कामकरी माशी बाहेर यायला जवळपास तीन आठवडे लागतात, आणि तिने फुलावर जायला आणखी दोन-तीन आठवडे. म्हणजे चैत्रातल्या जांभळावर जी माशी हवी, तिचं अंडं माघात पडलेलं असलं पाहिजे. माघाच्या तपासणीला किंमत आहे ती यामुळे.

आणि जांभूळ उमलायच्या आत साखर बंद. हा नियम माशीसाठी नाही, माणसासाठी आहे. माशी पाक आणि फुलाचा रस यांत भेद करत नाही. दोन्ही ती सारख्याच निष्ठेने घरात भरते. मधाचा कप्पा चढवल्यावरही पाक चालू ठेवला तर बाटलीत उतरतं ते जांभळाच्या नावाने विकलेलं साखरेचं पाणी. खायला घालणं आणि भेसळ करणं यांत फरक आहे तो एवढ्या चार-दोन आठवड्यांचा. जुन्या शिकवणाऱ्यांनी या तारखेबद्दल आग्रह धरला तो यामुळेच.

फाल्गुन ते वैशाख हा सुगीचा काळ. अंजनी, जांभूळ, मग हिरडा. मध काढायचा तो वळवाच्या आगेमागे. इथेच खरी परीक्षा असते. हातात यंत्र आहे, चौकटी भरल्या आहेत, बाजारात मागणी आहे. पिल्लांच्या कप्प्यातला मध कोणी हात लावल्याशिवाय ठेवला, यावर पुढचे चार महिने ठरतात.

कारण मग पाऊस. घाटमाथ्यावर काही ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडणारा, आठ-आठ दिवस न थांबणारा. फूल असलं तरी रस धुऊन गेलेला आणि पराग भिजलेला. माशी बाहेर पडलीच तर परत येईल याची खात्री नाही. थंड देशातल्या फेब्रुवारीत जे सगळं असतं, म्हणजे बंद दार, रिकामी कोठी, कमी होत जाणारी माशी, ते आपल्याकडे आषाढात असतं. फक्त एक फरक असतो. युरोपातली उपाशी माशी पेटीतच मरते. सातेरी उपाशी राहिली तर मरण्याआधी उठून जाते. सकाळी बघावं तर पेटी रिकामी, राणीसकट सगळं गायब. नवख्या माणसाला वाटतं माशी चंचल, बेभरवशाची. तिच्या बाजूने पाहिलं तर तिने अन्न नसलेलं घर सोडलं, एवढंच.

म्हणून वडी, पाक, दार लहान करणं, कमकुवत वसाहती एकत्र करणं ही पुस्तकातल्या हिवाळ्याची सगळी कामं इकडे पावसाळ्यात आली. साखर आणि पाणी उकळून गार केलेला पाक करवंटीत घालून, माश्या बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकून, पेटीच्या आत ठेवायचा. तोही तिन्हीसांजेला, उडणं थांबल्यावर, आणि सगळ्या पेट्यांना एकाच वेळी. दिवसा सांडला तर वासाने शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात आणि दुबळी वसाहत त्यात संपते. चौरंगाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, नाहीतर पाक मुंग्याच नेतात.

गूळ घरचा, साखर दुकानची

कागदावर हे सोपं दिसतं. खेड्यात ते सोपं नव्हतं. आपला भाग उसाचा आणि गुळाचा. कोल्हापूर, संकेश्वर या बाजूला गुऱ्हाळं लागत, घरात गुळाची ढेप असे. मग माशीला गूळच का नाही, हा प्रश्न साहजिक होता. पण गुळात साखरेखेरीज पुष्कळ असं असतं की जे माशीला पचत नाही. माणसाला जे पौष्टिक म्हणून सांगतो तेच तिला बाधतं. पावसाने कोंडलेल्या माशीला पोट साफ करायला बाहेरही पडता येत नाही, मग पेटीतच घाण होते आणि रोग पसरतो. म्हणून पांढरी साखरच लागते.

आणि साखर म्हणजे रोकड. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात साखर सरकारी नियंत्रणाखाली आली. डिसेंबर १९४७ मध्ये नियंत्रण उठलं, दोन वर्षांत पुन्हा लागलं. महाबळेश्वरचं काम सुरू झालं ते नेमकं या दिवसांत. माणसांना साखर मोजून मिळत असताना ती किड्यांना घालायची, हे कुठल्या घरात सहज पटलं असेल? त्यातही महिना आषाढाचा. घरातलं धान्य संपत आलेलं, रोपलावणीची मजुरी हाच आधार, आणि मधाचे पैसे कधीच खर्च झालेले. ज्या महिन्यात माशी उपाशी, त्याच महिन्यात तिला पाळणारा माणूसही ओढगस्तीत, अशी ही गाठ होती.

मधमाशी पालनाच्या योजना काही गावांत रुजल्या आणि काही गावांत पेट्या माळ्यावर गेल्या, याचं कारण शोधताना आपण प्रशिक्षण, बाजार, सरकारी दिरंगाई यांकडे बघतो. ती कारणं खोटी नाहीत. पण पावसाळ्यात किलो-दोन किलो साखर वेळेवर हाताशी असणं, हे त्याहून साधं कारण मला जास्त निर्णायक वाटतं. सहकारी संस्थेला इथेच अर्थ होता. वैशाखात मध घेऊन आषाढात साखर देणारी संस्था असेल, तर माशीचं आणि माणसाचं वर्ष एकमेकांशी जुळतं. संस्था नुसतीच मध विकत घेणारी असेल तर जुळत नाही.

रोगाची साथ आणि दुसरी माशी

१९९०-९२ च्या सुमाराला दक्षिण भारतात सातेरीवर थाई सॅकब्रूड या विषाणूची साथ आली. अळीची पाण्याने भरल्यासारखी पिशवी होते आणि ती कोष होण्याआधीच मरते. केरळ-कर्नाटकातल्या बहुसंख्य वसाहती त्यात गेल्या. माघातल्या तपासणीला तेव्हापासून आणखी एक काम चिकटलं: कोषांची टोपणं उघडी पडलेली, आत अळी नौकेसारखी वाकडी झालेली दिसते का ते बघणं. आजारी चौकट भरल्या पेटीतून उचलून दुबळ्या पेटीत घालायची नाही, हेही लोक महागात शिकले.

दरम्यान उत्तरेत दुसरी गोष्ट घडली होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कांगड्यातल्या नगरोटा बगवां इथे युरोपातली मेलिफेरा माशी भारतात यशस्वीपणे रुजवली गेली. ग्वाल्हेरच्या आपल्या वाचकांना ती परकी नाही. भिंड, मुरैना, ग्वाल्हेर या पट्ट्यात हिवाळ्यात मोहरी फुलते आणि ट्रक भरभरून मेलिफेराच्या पेट्या शेतांच्या बांधावर येतात. तिथे माशीची सुगी पौष-माघात, आणि उपासमार भर उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत. म्हणजे माशी युरोपची, पेटी युरोपची, तरी वेळापत्रक तिथेही चंबळच्या मोहरीनेच ठरवलं. एकाच भाषेच्या वाचकांना ग्वाल्हेर आणि खानापूर इथे माघात पेटी उघडल्यावर दोन वेगळी दृश्यं दिसतील, आणि दोन्ही बरोबर असतील.

नोंद ठेवण्याजोगं

२०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. अशा घोषणेने पर्यटक येतात, बाटल्या विकल्या जातात, आणि ते चांगलंच आहे. पण गावाचं नाव मधावर टिकतं ते जून ते सप्टेंबर या काळात पेट्यांचं काय होतं त्यावर.

स्थानिक इतिहासाचं काम करणाऱ्यांनी या विषयात करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्याला दप्तरखाना लागत नाही. आपल्या गावात कोणाच्या माळ्यावर जुनी न्यूटन पेटी असेल तर तिची चौकट मोजून ठेवा. ज्यांनी पेट्या पाळल्या त्यांना कोणतं फूल कधी, पाक कधी सुरू आणि कधी बंद, साखर कुठून आणायचे, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवा. त्या पिढीतली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. मोहोळ काढणाऱ्यांनाही विचारा. कोणत्या ढोलीत दरवर्षी माशी येते हे त्यांनाच ठाऊक असतं. आणि यंदा आपल्या परसातली जांभूळ कोणत्या तिथीला फुलली, तेवढं कॅलेंडरवर लिहा. पाच-दहा गावांतून अशी पाच-दहा वर्षांची नोंद जमली, तर माघात पेटी केव्हा उघडायची आणि साखर कोणत्या दिवशी थांबवायची, याचं आपल्या डोंगरापुरतं पान आपल्या हातात येईल. हे पान परदेशी पुस्तकात सापडायचं नाही, ते इथल्या माणसांनीच लिहायला हवं.